सानिकाच्या डायरीतला रिकामा रकाना

मंडळी, आज दुपारी आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधली सानिका तिची अप्रेंटिसशिपची डायरी घेऊन घरी आली. ती अकरावीला, व्होकेशनलला आहे. आठवड्यातून तीन दिवस अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, शिकायला जाते. स्टायपेंड मिळतो, तोही वेळेवर.

"काका, तुम्ही लिहिता ना? लेथवर मी काय काय केलं ते लिहून द्या."

"केलंस तू, मग तूच लिही की."

"मी मशीनला हातच लावलेला नाही."

तीन महिने ती खोक्यांत बोल्ट भरते आहे. वर्गातली मुलं मशीनवर आणि मुली पॅकिंगला. सुपरवायझर म्हणतात, "ओढणी अडकेल, बेटा. पैसे मिळतात ना, मग बस आरामात." सानिका शर्ट-पँट घालून जाते. ओढणी तिच्याकडे नाहीच.

डायरीत कामाच्या रकान्यात तिने रोज खरं लिहिलं, की खोकी भरली. शाळेतल्या सरांनी ती परत केली. "असं लिहिलंस तर पुढच्या वर्षी कंपनी आपली पोरं घेणार नाही."

पुढच्या महिन्यात तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, लेथवरच. तिथे डायरी मशीन चालवणार नाही.

मी खोटं लिहून दिलं नाही. डायरीत 'आज काय शिकलात' असा आणखी एक रकाना आहे, तो तिने रोज रिकामा सोडलाय. कारखाने चालवणारे आणि शाळेत शिकवणारे बरेच जण इथे वाचतात. त्या रकान्यात तिने काय लिहावं, ते तुम्हीच सांगा.