मापाचं डोकं

किस्से कुणी गोळा करत नाही. खोली झाडताना कोपऱ्यात केसांचा गुंता सापडावा, तसे ते सापडत जातात. नांदेडच्या एका कॉलेजात मेंदूच्या लहरी मोजायची खोली आहे, तिथं मी शिपाई. शाळा चौथीपर्यंत. तरी माझं डोकं तिथं मापाचं धरतात!

तसंच मशीन लातूरला आहे. एकच डोकं दोन्हीकडं सारखं उमटलं पाहिजे, असा नियम. मला टक्कल, तारांच्या टोपीखाली लावलेला चिकट जेल पुसायला सोपा. म्हणून आमच्या मॅडमनी मलाच निवडलं. सोमवारी नांदेड, मंगळवारी एसटीनं लातूर.

कंडक्टरनं एकदा विचारलं, "काका, हातात पिशवीबी न्हाई. काय घेऊन चाललाव?"

"डोकं."

"नशीबवान! आमचं तर डेपोतच ठेवून घेतेत!"

*

लातूरच्या खोलीबाहेर जळकोटच्या रुक्मिणबाई बसायच्या. नवरा मास्तर. झटका आला, तेव्हापासून दोन वर्षं बोलणं नाही, हात-पाय हलत नाहीत, नजर छताला. त्यांना काही समजतं का, हे मशीनवर कळण्यासारखं होतं. हात हलवायचं मनात आणलं की हिरवा दिवा, म्हणजे हो. पाय हलवायचं आणलं की लाल, म्हणजे नाही.

पण लातूरचे सर म्हणाले, "आधी दोन्ही मशीन जुळू द्या. इथं हो अन् तिथं नाही आलं, तर खरं काय धरायचं?"

बाई दर मंगळवारी मलाच विचारायच्या, "काका, जुळलं का ओ?"

"न्हाई अजून, माय."

*

टोपी लावायच्या आधी नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं मोजतात. लातूरला माझं डोकं बोटभर लहान भरलं!

मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, प्रवासात झिजलं की काय?"

मी टेप हातात घेऊन पाहिला. शिंप्याचा, कापडी, ओढून ओढून ताणलेला. मग दोन्हीकडं एकाच दुकानातला नवा टेप आला.

*

तरी जुळेना. जेल तोच, खुर्ची तशीच, "डोळे मिटा, शांत बसा" हे शब्दही तेच. सरांनी तारा बदलून पाहिल्या. शेवटी मॅडम स्वतः माझ्याबरोबर लातूरला आल्या.

दारातच तिथले शिपाई इस्माईलभाई यांनी नेहमीसारखा कडक चहा माझ्या हातात दिला. मॅडम बघतच राहिल्या. "हे दर वेळचं?"

"म्हंजे? नांदेडहून माणूस आला, अन् कोरडाच टोपीखाली बसवू?"

नांदेडला मला चहा काम झाल्यावर मिळतो. चहानं मेंदूच्या लहरी बदलतात म्हणे. त्या दिवशी नियमाच्या कागदावर एक ओळ वाढली: चहा नंतर.

पुढच्या मंगळवारी जुळलं. रुक्मिणबाईंना सांगायला गेलो. त्यांनी विचारायच्या आतच मी मान डोलावली.

*

मास्तरांना टोपी मी आणि इस्माईलभाईंनी घातली. कागदावर दहा प्रश्न, उत्तरं आधीच ठाऊक असलेले. तुम्ही जळकोटचे का? हिरवा. तुम्ही डॉक्टर आहात का? लाल. दहांपैकी नऊ बरोबर आले.

सरांनी कागद पालथा ठेवला. "वहिनी, आता तुम्ही विचारा."

बाईंनी आधी त्यांची उशी सरळ केली. मग वाकून म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं झाली, दिवसभर मी तुमच्यापाशी बडबड करून राहिले. तरास होतो का ओ?"

हिरवा.

सरांनी मान खाली घातली. बाई हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

"मग बंद करू का?"

बराच वेळ कुठलाच दिवा लागला नाही.

मग लाल लागला.