म्हातारे बघून निवडलेला वस्ताद

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चटणीसाठी शेंगा फोडणं. मी डाव्या हातानं फोडत होतो तर म्हणाली, "उजव्याला मेंदी लावलीया व्हय?" संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दिवा लावायच्या आत ती गेली.

तो उजवा हात तिच्यामुळंच राहिला. तरणा होतो तेव्हा सोलापुरात गिरणीत मागावर होतो आणि कुस्त्या खेळायचो. एका जत्रेत उजवा खांदा निखळला. तिथं ज्यानं सगळ्यांना लोळवलं त्याच पैलवानाकडून बसवून घेतला. जो जिंकतो त्यालाच अंगातलं कळतं, असं आमचं डोकं. खांदा पुन्हा निखळला, पुन्हा बसवला, पुन्हा निखळला. जॉबर, म्हणजे गिरणीतला आमचा मुकादम, म्हणाला, हात धड करून ये, नाहीतर माग दुसऱ्याला देतो.

ती भवानी पेठेत भाजी विकायची. एक दिवस म्हणाली, "पलीकडच्या तालमीतल्या वस्तादाकडं जावा."

"त्याचा एक पठ्ठ्या जिंकल्याचं ऐकलं नाही मी."

"जिंकल्यालं काय बघताय? म्हातारं बघा की! तिथलं मिशा पिकल्यालं गडी अजून माझ्यापुढं उकिडवं बसून वांगी निवडत्यात. तुमच्या जिंकणाऱ्याचा गुरू काठी टेकत येतुया."

"आता बायका वस्ताद निवडणार?"

"मग तुमी निवडल्याल्यानं काय दिवं लावलं?"

गेलो. बघतो तर काटकुळा माणूस, दारात उभा राहून एकेकाची नखं आणि कातडी तपासत होता. खरूज दिसली की माघारी. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत हळद, ताक, कडुलिंबाचा पाला स्वतः कालवायचा. नव्या पोरांना डाव शिकवायच्या आधी पडायला शिकवायचा. लई दांडगे वस्ताद बघितले, पण पोरगं मोडायच्या आधी त्याची काळजी करणारा हा एकच.

माझा खांदा चाचपून म्हणाला, "बसवतो. पण बसवणं सोपं हाय पैलवान, टिकवणं तुमच्याकडं. रोज तेल चोळून भिंतीला हात लावून मी सांगतो तसा फिरवायचा. कुस्ती बंद."

"जत्रा आलीय, वस्ताद."

"मग जावा की. रेवड्या खावा."

राग आला, पण ऐकलं. खांदा परत कधी निसटला नाही. माग राहिला, त्यावर घर चाललं.

तिला नेताना लोक म्हणाले, डावा खांदा दे, उजवा नको. मी उजवाच खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सुतकात तेल लावायचं नव्हतं, म्हणून कोरडाच भिंतीला हात लावून फिरवला. मग तालमीवर गेलो. वस्ताद आता पार म्हातारा, पण अजून तिथंच असतो. सुतक म्हणून आत गेलो नाही. दारातूनच हाक मारली आणि सांगितलं, "वस्ताद, मला तुमच्याकडं धाडणारी गेली."