भावाच्या दुर्बिणीतले लोलक

माझा थोरला भाऊ लढाईवरून परतला तो डोक्यात लोखंडाचा बारीक तुकडा घेऊन. पुढे नजरेला त्रास होईल, असं लष्करातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी चोपड्याच्या वर, सातपुड्यात, वणव्यांवर नजर ठेवण्याचं काम त्याला मिळालं. दुर्बीण त्याची स्वतःची होती.

मी धुळ्याला शाळेत शास्त्र शिकवत असे. एका हिवाळ्यात तो दुर्बीण घेऊन आला. आत बुरशी धरली होती. म्हटलं, "भाऊ, मी साफ करतो."

दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत काचेचे दोन तिकोनी लोलक एकमेकांना आडवे बसवलेले असतात. भिंगातून चित्र उलटं येतं. एक लोलक त्याची डावी-उजवी बाजू पालटतो, दुसरा वरची-खालची, आणि चित्र सरळ होतं. हे मला पाठ होतं. पण लोलक केसभर कलला, तर दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळत नाहीत, याचा मी विचारच केला नाही. खुणा न करता चारही काढले, पुसले, परत बसवले. एकेका डोळ्याने पाहिलं, लख्ख दिसलं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तेव्हा समोरचं कौल जरासं दुहेरी वाटलं. भावाच्या परतीच्या एसटीची वेळ झाली होती. काही न सांगता मी दुर्बीण त्याच्या हातात दिली.

उन्हाळ्यात कळलं, भावाने काम सोडलं. धावत गेलो.

"एक झाडना दोन झाडे दिखतस," तो म्हणाला. "डॉक्टर बोलना तसंच व्हयनं. वणव्यानी जागा चुकीची सांगी, तर मानसं मरतीन."

मी त्याला दुर्बिणीतून एक डोळा मिटून पाहायला लावलं. मग दुसरा. मग दुर्बीण बाजूला ठेवून नुसत्या दोन्ही डोळ्यांनी. तिन्ही वेळा झाड एकच. मग मी सगळं सांगितलं.

त्याने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली, खाली घेतली. मग म्हणाला, "म्हनजे मी बरा व्हतू? आनि तुले तवयच माहीत व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

जागेवर दुसरा माणूस आला होता. अर्ज कर म्हणून मी विनवलं, पण त्याचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसाच उडाला होता. साधा रस्ता ओलांडतानाही तो थबकायचा. पुढे एका जिनात कापसाच्या गाठी मोजत राहिला. तो माझ्याशी कधी भांडला नाही. दिवाळीला मी गेलो की वहिनी ताट वाढायची, आणि तो शेताकडे निघून जायचा.