गॅलहरांचं मूळ गाव

सकाळी बस यशवंतपूरला थांबली आणि दार उघडल्या उघडल्या कांद्याचा वास आत आला. बाजारासमोर ट्रक रिकामे होत होते, हमाल ओरडत होते, आणि वर हवा मात्र अशी गार की मला वाटलं चुकून महाबळेश्वरलाच उतरले. कांद्याच्या वासात माझ्या बॅगेचाही वास मिसळला होता, कारण काकूनं दिलेल्या शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण रस्त्यात कुठंतरी निघालं होतं. माझा पांढरा कुर्ता आता पांढरा नव्हता. बेंगळुरूत माझी एन्ट्री ही अशी झाली.

पण थांबा, मी इथं कशाला आले ते आधी सांगते, नाहीतर बोलण्याच्या नादात राहूनच जाईल. माझा दादा, अभिजित, इथं हेब्बाळच्या एका कंपनीत आहे. त्याचं लग्न ठरलंय. मुलगी बेंगळुरूचीच, नाव तारा, आणि आडनाव (श्वास घ्या) गॅलहर. आयरिश! निपाणीत आमच्या गल्लीत हे आडनाव कुणालाच नीट म्हणता येत नाही. शेजारच्या मावशी 'गलगले' म्हणतात आणि त्यांना ते पटलंही आहे.

घरात विरोध वगैरे अजिबात नाही. थोरल्या काकांना तारा आवडली, व्हिडिओ कॉलवर तिनं मराठीतून मोडकंतोडकं काहीतरी विचारलं तेव्हा तर फारच. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडं पत्रिका छापून आली की माणसांना वाटायच्या आधी देवाला ठेवतात. एक आमच्या बेनाडीच्या देवाला आणि एक नवरीच्या मूळ गावच्या देवाला. दोन्हीकडं काका स्वतः जातात. "तिच्या गावाला आवतण न देता पोरगी घरात आणायची कशी? चोरून आणल्यासारखं व्हतंय ते," काका म्हणाले. "गाव सांगा, मग छापायला टाकतो." हॉल ठरलाय, स्वयंपाकी ठरलाय आणि पत्रिका अडलीये. दादा ताराकडं विषय काढायला घाबरतो. मग कोण जाणार? मी!

कारण आडनावावरून गाव ओळखणं हा माझा लाडका खेळ आहे. आम्ही बेनाडीकर, म्हणजे निपाणीजवळच्या बेनाडीचे. हुक्केरी आडनाव असलं की हुक्केरीचे, संकेश्वरी असलं की संकेश्वरचे. मराठी असो की आमच्याकडचं कन्नड, गाव आडनावात बसलेलंच असतं. म्हटलं, आयर्लंडमध्येही गॅलहर नावाचं एखादं खेडं असेल, शोधून काढू. गुगल आहे ना!

दादा एचएसआर लेआउटला राहतो. (हेब्बाळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याला विचारलं असं का, तर म्हणाला, "घर घेतलं तेव्हा कंपनी जवळ होती, मग कंपनीनंच घर बदललं.") त्याच्या घरमालकीण सुमित्रा अक्का मराठी निघाल्या! मी इतकी खूश. त्यांनी समोर उप्पिट ठेवलं आणि म्हणाल्या, "स्वल्प (थोडं) खाऊन बघ मा, लाजू नको."

मी लगेच खेळ सुरू केला. "अक्का, आडनाव काय तुमचं?"

"राव."

"ते झालं, पण आडनाव?"

"राव म्हणजे राव. आमचे लोक शहाजीराजांच्या काळात इकडं आले म्हणतात. आडनाव वाटेत कुठं पडलं कुणाला ठाऊक. इथं सगळे नावापुढं अक्षरं लावतात बघ, एक वडिलांचं, एक गावाचं."

"मग तुमचं गावाचं अक्षर कुठलं?"

"बी."

"बी म्हणजे?"

"बेंगळुरू की! आणि कुठलं?" अक्का हसल्या आणि माझ्या ताटात अजून उप्पिट टाकलं. माझा खेळ पहिल्याच डावात बाद.

दुपारी दादा आणि मी फ्रेझर टाउनला ताराच्या घरी गेलो. रिक्षात मी फोनवर भराभर वाचत होते आणि दादाला ऐकवत होते. पहिला धक्का: आयरिश आडनावांत गाव नसतंच! ती पूर्वजाच्या नावावरून पडतात. मूळ आयरिश रूपात पुढं 'ओ' लागतो, म्हणजे अमक्याचा नातू, त्याच्या कुळातला. गॅलहर म्हणजे गाल्लखोबर नावाच्या कुणा एका आजोबांची पिलावळ. नावाचा अर्थ परक्याची मदत असा काहीसा लावतात, पण त्यावरही एकमत नाही. आणि ही आडनावं युरोपातल्या सगळ्यात जुन्या आडनावांपैकी आहेत, जवळजवळ हजार वर्षांची!

"म्हणजे गाव नाही?" दादाचा चेहरा पडला.

"अरे पण हे आडनाव कुठं कुठं आहे त्याचा नकाशा आहे! हे बघ." आयर्लंडचा वायव्येचा कोपरा, डोनेगल नावाचा भाग. डोंगर, दगड, समुद्र. गॅलहर सगळ्यात दाट तिथं, गडद निळे. मग आजूबाजूला, डेरी, टायरोन, मेयोत फिकट होत गेलेले. तिथून हंगामाला स्कॉटलंडच्या शेतांवर राबायला जायचे, म्हणून ग्लासगोत निळे. पुढं बोटीनं अमेरिकेत फिलाडेल्फियाला, मग ऑस्ट्रेलियाला. आमच्याकडचे लोक ऊसतोडीला जातात आणि काहीजण तिकडंच राहतात, अगदी तसंच वाटलं मला. "दादा, डोनेगल! काकांना डोनेगल सांगू. काम झालं!"

"तू घरात गेल्या गेल्या सुरू होऊ नकोस," दादा म्हणाला. "डेनिस अंकलना वेळ दे."

मी वेळ दिला. जेवायला बसेपर्यंत दिला.

डेनिस अंकल, ताराचे वडील, रेल्वेतून रिटायर झालेत. ताराची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून घरात दोघंच. अंकल उंच, सावळे, इस्त्रीचा शर्ट, आणि कन्नड असं फाडफाड की मीच लाजले. इंग्रजी आणि कन्नड मिसळून बोलतात. नारळाच्या दुधातला पिवळा भात, मटणाच्या गोळ्यांची आमटी आणि बाजूला झणझणीत लाल चटणी, त्याला ते 'डेव्हिल चटणी' म्हणतात. मी माझी सांडून उरलेली शेंगाचटणी पुढं केली. अंकलनी ती पावाला लोणी लावून त्यावर भुरभुरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताराला तुमच्याकडं द्यायला हरकत नाही."

सगळे हसले. मला वाटलं हीच वेळ. म्हटलं, "अंकल, तुमचं मूळ गाव कुठलं?"

"बेंगळुरू."

"हो, पण मूळ?"

"कॉक्स टाउनला जन्मलो. रिचर्ड्स टाउनला शाळा. आता इथं."

"नाही, म्हणजे त्याच्या आधी. मुळात कुठले?"

तारानं टेबलाखाली दादाला लाथ मारली, पण ती लागली मला. तरी मी थांबले नाही हो! फोन पुढं केला, नकाशा दाखवला, डोनेगल, ग्लासगो, फिलाडेल्फिया. अंकल चष्मा लावून बघत राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी नकाशा सरकवला. अमेरिका गेली, आफ्रिका गेली, भारत आला. भारत करडा होता. एकही निळा ठिपका नाही.

"आम्ही नाही का यात?" त्यांनी विचारलं.

मी वाकून नकाशा आणखी मोठा केला. करडाच.

त्यांनी फोन परत दिला. "हे बघ मुली. शाळेत मास्तर विचारायचे, तू मुळात कुठला. नोकरीत साहेब विचारायचे. ताराला घर भाड्यानं हवं होतं तेव्हा घरमालकानं विचारलं. बेंगळुरू सांगितलं की लोक म्हणतात, हो, पण मुळात? आता तिच्या सासरचेही तेच विचारतात. तुझ्या काकांना सांग, आम्हाला गाव नाही. त्यावरून नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा." आणि ते ताट तसंच टाकून उठले, बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तारा माझ्याकडं बघत नव्हती. दादा हळूच म्हणाला, "झालं समाधान?" लग्न मोडलं, आणि ते मी मोडलं, एवढंच डोक्यात.

मी काकांना फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. काका गोंधळून गेले. "अगं मी कुठं नाही म्हणालो? आवतण द्यायचं म्हणून विचारलं की. ते कन्नड बोलतात न्हवं? दे त्यांच्याकडं फोन."

मी पायरीवर गेले, स्पीकर लावला आणि फोन अंकलसमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही, पण उठूनही गेले नाहीत. काकांचं कन्नड म्हणजे खास आमच्याकडचं, प्रत्येक शब्दामागं 'री' (अहो).

"नमस्कार री. पोरीनं काहीतरी येडंवाकडं विचारलं वाटतं. तिचं मनावर घेऊ नका, ती लहानपणापासून अशीच."

अंकल चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

"तुमचं ऊरु (गाव) ठाऊक नसलं तर नसू दे री. तुमची थोरली माणसं कुठं आहेत तेवढं सांगा. पत्रिका आधी त्यांना द्यायची, मग आमच्या देवाला."

"ती सगळी गेली," अंकल म्हणाले.

"गेली ते कळलं की. आमचीही गेलीत. गेली म्हणून काय नातीच्या लग्नाला बोलवायचं नाही?"

समोरच्या गल्लीतून शहाळ्यांची गाडी गेली, गाडीवाला ओरडत पार वळणापर्यंत पोचला. मग अंकलनी आत हाक मारली, "तारा, माझी टोपी आण. आणि गाडीची किल्ली."

जुनं कबरस्थान तिथून फार लांब नाही. फाटकाशी वॉचमनला अंकल "एनप्पा (काय रे बाबा)" म्हणाले आणि तो हसला, रोजची ओळख असल्यासारखा. आत गुलमोहर, शेवाळलेले दगड, कुणाची तरी ताजी शेवंती. दर नोव्हेंबरात इथं घराघरातले लोक येतात, आपापल्या कबरी धुतात, चुना लावतात, मेणबत्त्या लावतात, डबे आणतात आणि दिवसभर गप्पा मारतात, असं तारानं सांगितलं. मला एकदम आमच्या बेनाडीची जत्रा आठवली. मुंबईपुण्याला गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात ना, तसं.

एका ओळीत गॅलहरच गॅलहर. अंकलचे वडील, इंजिन चालवायचे. आजोबा, तेही रेल्वेत. ताराची आई. आणि टोकाला, आंब्याखाली, सगळ्यात जुना दगड: इथं आलेल्या पहिल्या गॅलहरचा, इंग्रजांच्या पलटणीतल्या साध्या शिपायाचा. त्यावर गाव नव्हतं. मी गुडघे टेकून शेवाळ खरवडून पाहिलं, खरंच नव्हतं. नाव होतं, आणि खाली दुसरं नाव, नुसतं 'मेरी'.

"ही त्याची बायको," अंकल म्हणाले. "इथलीच होती. तमिळ होती असं माझी आजी सांगायची. लग्नात तिचं नाव बदललं. आधीचं काय होतं, घर कुठं होतं, कुणी लिहून ठेवलं नाही."

मी तिथं बसूनच राहिले. म्हणजे बघा ना, मी आख्खा नकाशा पालथा घातला, डोनेगलपासून फिलाडेल्फियापर्यंत, आणि तो सगळा एका आजोबांच्या मागं धावत होता. ही बाई त्यात कुठंच नाही. अंकलचा रंग हिचा, कदाचित ती पिवळ्या भाताची रीतही हिचीच, आणि आडनाव मात्र बोटीतून आलेलं.

"अंकल, सॉरी," मी म्हटलं.

"सरी, सरी (बरं, बरं)," ते म्हणाले. मग दगडावर हात ठेवून तिरकं हसले. "पण तो डोनेगलचा असेल म्हणतेस?"

"असेल. नक्की नाही सांगता येणार. मेयोचाही असेल. ग्लासगोला जन्मलेलाही असेल."

"डोंगर आहेत ना तिथं? समुद्रही?" त्यांनी पुन्हा फोन मागितला. या वेळी त्यांनी डोनेगलचे फोटो बघितले, एकेक मोठा करून, आणि तारालाही दाखवले.

परतीच्या बसमध्ये तुमकूर सुटेपर्यंत मी खिडकीतून बघत होते आणि एकच विचार. बेनाडीकर म्हणजे बेनाडी, हे मी किती ऐटीत सांगते. पण माझी आई कागलची. तिची आई? तिची आजी? मला माहीत नाही. घरी पोचल्यावर आईला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. "आजीचं माहेर..." म्हणाली, आणि पुढं तिलाही आठवेना. आता आम्ही दोघी शोधतोय. मामाला फोन झालाय, त्यानं आणखी एका मावशीचा नंबर दिलाय.

काका माझी वाटच बघत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रिकेत लिही, मुक्काम पोस्ट बेंगळुरू. त्यांची माणसं तिथं हायत तर गाव तेच." मी लिहिलं.

थोड्या वेळानं पुन्हा बोलावलं. "का गं, पत्रिकेसंगट नारळ लागतोय. त्यांच्यात चालतोय का, इचार."

मी ताराला फोन लावला. तिनं वडिलांना विचारलं. पलीकडून अंकलचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, "आणा म्हणावं! फक्त कबरीपाशी फोडू नका, वॉचमन ओरडतो. घरी येऊन फोडू. भात करायला तो लागेलच."

काकांनी मान हलवली, कोपऱ्यातले नारळ एकेक करून कानाशी हलवून बघितले आणि त्यातला सगळ्यात मोठा बाजूला काढून ठेवला.