एक टोल म्हणजे थांब

माझा मामा एकतीस वर्षं खाणीच्या तोंडाशी उभा राहून घंटेचे टोल देत होता. माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा इंजिनघरातल्या माणसाला दिसत नसे. त्याला फक्त मामाचे टोल ऐकू येत. एक टोल म्हणजे थांब, इंजिन असो की माणूस. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे आत माणसं आहेत, बाकीच्यांनी मागे सरा. एवढीच काय ती भाषा, पण ती चुकली तर कुणीतरी जिवाला मुकायचं. मामाची एकदाही चुकली नाही, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवतो. सगळे त्याला टोलमामा म्हणतात. मामी सांगते, लग्नानंतर वर्षभर ती पातेल्यावर डाव आपटूनच त्याला जेवायला बोलवायची, कारण हाक मारलेली त्याला ऐकू येत नसे आणि टोल मात्र झोपेतसुद्धा ऐकू येई.

खाण बंद होऊन बारा वर्षं झाली. तोंडावर सिमेंटचं झाकण बसलं, मातीच्या ढिगाऱ्यांवर गवत आलं, आणि मग एक दिवस सायकली आल्या. जाड टायरच्या, चिखलाने माखलेल्या, आणि किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसेल अशा. ट्रॉलीची जुनी लाईन, खाणीतला माल धुवायच्या धुलाईघराच्या पडक्या भिंती, ढिगाऱ्यांचे उतार, सगळीकडून सायकलींच्या वाटा निघाल्या. सगळ्यात उभ्या उताराचं नाव आमच्या म्हाताऱ्यांनी 'मुकादमाची शिवी' ठेवलं, कारण तो कधी अंगावर येईल ते कळत नाही. सायकली भाड्याने देण्याच्या काउंटरवर मी काम करते, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हसून हसून त्या डोळ्यांत पाणी होतं, तेवढी सूट द्या.

भानगड अशी झाली. खाणीतले जुने लोक, मामा-मामी धरून अकरा जण, रोज संध्याकाळी ट्रॉलीच्या लाईनवरून त्या झाकणापर्यंत चालत जातात. गुडघ्यांना परवडेल असा सपाट रस्ता तेवढा एकच. झाकणाशी बसून ते काय करतात? भांडतात. कुणाच्या पाळीत जास्त माल निघाला, यावर बारा वर्षांत निकाल लागलेला नाही. पण दिवसभर घरात सुनेच्या पायात पायात करण्यापेक्षा ते बरं, आणि तेवढ्यासाठी सगळे सकाळपासून घड्याळ बघत असतात.

तर हे अकरा जण चाललेले असतात. मागून सायकलवाला येतो आणि सभ्य माणसासारखी एकदा घंटी वाजवतो, म्हणजे जरा बाजूला व्हा. आणि अकराच्या अकरा जण वाटेच्या मधोमध जागच्या जागी थांबतात. पाऊल उचललेलं असलं तर उचललेलंच. बिचारा सायकलवाला जातो काटेरी झुडपात. एका महिन्यात तिघे गेले. तिसरे होते दातांचे डॉक्टर. त्यांच्या अंगातले काटे काढायला दोन तास लागले, आणि ओरडण्यात ते आपल्या पेशंटांच्या वरताण निघाले.

दुसऱ्याच दिवशी आमच्या मॅनेजरबाईंनी नोटीस लावली: एक तारखेपासून लाईनवर पायी चालायला बंदी. बाई वाईट नव्हत्या, काट्यांना कंटाळल्या होत्या. पण म्हाताऱ्यांची संध्याकाळच गेली. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, कारण हा एक टोल त्यांच्या अंगात मुरवला होता तो त्यानेच. मामाचं तोंड एवढंसं झालं.

आधी त्याने माणसांना सुधारायचं मनावर घेतलं. माझ्याकडून एक घंटी मागून नेली आणि तीन दिवस लाईनवर शाळा भरवली. आता एक टोल म्हणजे बाजूला व्हायचं, समजलं? समजलं, म्हणायचे सगळे. तो घंटी वाजवायचा आणि सगळे थांबायचे. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी मामीने वैतागून त्याच्या हातातली घंटी हिसकावली आणि स्वतः एकदा वाजवली. मामाचा एक पाय हवेत तसाच राहिला, तोल गेला आणि गुरुजी धपकन खाली बसले. बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळली, पण थांबलेल्या जागेवरून हललं कुणी नाही.

त्या दिवशी घरी येताना तो मला म्हणाला, "या पायांनी माझं ऐकलं म्हणून ते आज शाबूत आहेत. आता त्यांना म्हणू, तुमचं चुकलं?"

यावर मात्र मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सरळ बाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसला. म्हणाला, सायकलवाल्यांनाच तीन टोल द्यायला शिकवा, आमची माणसं आपोआप मागे सरतील. बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, अकरा जणांना शिकवणं सोपं, की आठशे सायकलवाल्यांना?"

"आठशेंना," मामा म्हणाला. "ते अजून कोरे आहेत."

बाईंना हसू आवरलं नाही, आणि तिथेच त्या फसल्या. रविवारी सकाळी एकदा करून दाखवा, म्हणाल्या. जमलं तर नोटीस काढते, नाही जमलं तर पुन्हा हा विषय नको. कुणीतरी 'शिवी'वरून सायकलने उतरायचं, आणि उतार जिथे लाईनला मिळतो तिथे बाकीच्यांनी चालत असायचं. मी म्हटलं, मी उतरते. पण टोल द्यायचे तर ते आपणच, दुसऱ्याने नाही, असा मामाचा हट्ट. वय वर्षं सहासष्ट. तो म्हणाला, ड्यूटीवर सायकलनेच जायचो, सायकल ती सायकल. हाडं गोळा करायला मी येणार नाही, असं मामीने जाहीर केलं, आणि रविवारी लाईनवर सगळ्यात आधी तीच हजर होती.

मी आणि बाई खाली उभ्या होतो. मामा वर हेल्मेट घालून दिसला, हात हलवला, आणि सुटला. पहिलं वळण त्याने झोकात घेतलं. दुसऱ्या वळणाला उतार संपेल असं त्याला वाटलं असावं. तिथे तो सुरू होतो. सायकल उधळली. मामाला थांबायचं होतं, आणि थांबायचं असलं की काय करायचं हे त्याच्या हाताला एकतीस वर्षं ठाऊक होतं. ब्रेकला न शिवता त्याने एक टोल दिला.

त्या एका टोलावर आजवर अख्खं इंजिन थांबत आलेलं. सायकल थांबली नाही. थांबले ते लाईनवरचे दहा जण, बरोबर मधोमध.

"ब्रेक, मामा, ब्रेक!" मी ओरडले. बाईंनी डोळे मिटून घेतले. मामाने घाबरून घाईघाईने दोन टोल दिले. दोन म्हणजे खाली सोड, आणि हा हुकूम सायकलीने तंतोतंत पाळला. आता सगळं संपलं, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात आले, स्वच्छ, मोजून, एकामागोमाग एक, तीन.

दहा जणांनी मागे वळूनही पाहिलं नाही. एकाच पावलात सगळे कडेला सरले, मामीने इतरांचं पाहून थांबणाऱ्या एका बहिऱ्या आजोबांना कोपराला धरून ओढलं, आणि मोकळ्या झालेल्या वाटेवरून मामा आरडत निघून गेला. तो घाबरून आरडतो आहे असं मला वाटलं. जवळून गेला तेव्हा कळलं, तो हसत होता. लाईन ओलांडून तो थेट धुलाईघराच्या जुन्या तळ्यात शिरला आणि गुडघाभर चिखलात जाऊन बसला.

आम्ही सगळे धावलो. बाई बुटांसकट चिखलात उतरल्या, मामाचे हातपाय धड आहेत हे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "नोटीस काढून टाक. आणि तीन टोल द्यायचे, हे काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहून लाव."

मामाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याचं हसणं थांबत नव्हतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मामीने विचारलं, लागलं का कुठे? त्याने नाही म्हणून मान हलवली आणि काठावरच्या दहा जणांकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं तुम्हाला सगळ्यांना खाली सोडलं," तो म्हणाला. "जागा सोडून मला एकदाही उतरता आलं नाही. आज पहिल्यांदा उतरलो."

मग मामीने साडी खोचली, आत उतरून पदराने त्याचं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग, कसं वाटलं?"

"अजून एकदा सोडा," मामा म्हणाला.

आणि कुणी न सांगता सगळे म्हातारे चिखलात उतरून सायकल बाहेर ओढायला लागले.