मावशीने सरळ केलेला पेला

माझ्या मावशीला पसारा बघवत नाही. बावीस वर्षं तिनं हॉटेलातल्या खोल्या आवरल्या, दिवसाला चौदा. आमच्याकडे पाहुणी आली तरी चहाच्या आधी आमचं कपाट लावून होतं. आई तर आल्याआल्याच बजावते, "आज तरी गुपचूप बस!" पण ऐकेल ती मावशी कसली.

अशी ही बाई त्रेपन्नाव्या वर्षी विद्यापीठात गेली आणि विषय निवडला फौजदारी न्याय. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या काकांनी, कपाळावर हात मारला.

"अगं, या वयात चोर पकडणार आहेस का?"

"पकडायला पोलीस आहेत. पकडलेला खरा चोर आहे का, ते मला शिकायचंय."

यामागचं कारण तिनं फक्त मला सांगितलं होतं, तेही मी तिला कलमं पाठ करायला मदत करत होते तेव्हा. फार वर्षांपूर्वी हॉटेलच्या एका खोलीतून पाहुण्याचं घड्याळ चोरीला गेलं. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नका, असं मॅनेजरनं सांगितलं होतं. पण टेबलावर दोन उष्टे पेले दिसले आणि मावशीचे हात थांबले नाहीत. तिनं ते धुऊन टाकले, त्यांवरचे बोटांचे ठसेही गेले. पोलिसांनी विचारलं, तेव्हा नोकरीच्या भीतीनं ती मूग गिळून बसली. त्या मजल्याच्या किल्ल्या तिथंच काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे होत्या. संशय मैत्रिणीवर गेला, पुरावा काहीच नव्हता, पण तिची नोकरी गेली ती गेलीच. एवढं सांगून मावशीनं पुढचं कलम काढलं होतं.

तर अभ्यास जोरात चालू होता. वर्गातली विशीतली मुलं तिच्या वह्यांवर तुटून पडायची, कारण अक्षर मोत्यासारखं आणि प्रत्येक शीर्षकाखाली पट्टीनं ओढलेली रेघ. शेवटी राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात नापास म्हणजे पदवी नाही, अख्खं वर्ष पुन्हा.

तळघरातल्या एका खोलीत खोटं घटनास्थळ मांडलं होतं. उलटलेली खुर्ची, बाहेर ओढलेला खण, सतरंजीवर आडवा पडलेला पेला. एकेकानं आत जायचं, बघायचं, टिपायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. परीक्षक दाराबाहेर. मावशी हातमोजे घालून आत गेली, दोन पावलं टाकली, वाकली आणि पेला उचलून सरळ ठेवला.

मग तिच्या लक्षात आलं.

"घातलाच की गं घोळ!" ती मला नंतर सांगत होती. "परत आडवा केला असता तर कुणालाही कळलं नसतं. कसा पडला होता, तेही आठवत होतं."

तिनं पेल्याला पुन्हा हात लावला नाही. कागदावर पहिली ओळ लिहिली: पेला आडवा होता, दहा वाजून सात मिनिटांनी मी तो सवयीनं सरळ केला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तो कागद दोनदा वाचला.

"बाई, परत आडवा करून ठेवला असतात तर मला पत्ताही लागला नसता."

"हो सर. म्हणूनच लिहिलं."

घटनास्थळ जपण्याचे गुण शून्य. बाकीच्या नोंदी इतक्या चोख होत्या की तीन गुणांनी का होईना, मावशी पास झाली. काका फोन करकरून साऱ्या गावाला सांगत सुटले. मावशीनं मात्र त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि हॉटेलातल्या त्या मैत्रिणीला लावला. मी शेजारीच बसले होते. तिनं कशी आहेस, काय चाललंय, काही विचारलं नाही.

"ते पेले मी धुतले होते गं."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मैत्रीण म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. उपडे घालून, खाली घडी केलेला रुमाल! तुझ्याशिवाय कोण ठेवणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

मावशी हमसून हमसून रडायला लागली. काका बावचळून माझ्याकडे बघू लागले.

"आता रडू नकोस," मैत्रीण म्हणाली. "रविवारी ये. पदवीचा कागद आण. आणि माझ्या स्वयंपाकघरात कशालाही हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवते."