जर्मन तात्यांची उघडी झाकणं

तात्यांच्या घरात एकाही डब्याचं झाकण कधी नीट लागलेलं नसायचं. पिठाचा डबा उघडा, चहापुडीचा उघडा, लोणच्याच्या बरणीवर नुसता फडका टाकलेला. साखरेच्या डब्याचं तर विचारूच नका. झाकण असायचं, पण ते डब्यावर तिरकं ठेवलेलं, जत्रेतल्या पोरानं टोपी घालावी तसं. मुंग्यांची रांग भिंतीवरून खाली उतरायची आणि सरळ आत. काकी दिवसातून कितीदा तरी ओरडायच्या, "अवो, झाकण लावायला काय हात झडत्यात काय तुमचे? मुंग्यास्नी आवतान देऊन बोलवालाईसा?" तात्या म्हणायचे, "र्‍हाऊ दे की. घट्ट लावलं की उघडत न्हाई मागनं."

मी लग्न होऊन नेसरीहून कोल्हापुरात आले तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. मंगळवार पेठेत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, आणि भिंतीला भिंत लागून तात्या-काकींचं घर. पुढचा सोपा, म्हणजे पडवी, दोघांत मिळून एकच. पहिल्या दिवशी पाणी भरताना एक बाई मला म्हणाली, "जर्मन तात्याच्या शेजारी आलाईस व्हय तू?" मला वाटलं, शेजारी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी विकतात. बरं झालं, दोन पातेल्या घ्यायच्याच होत्या! दुपारी सोप्यात जाऊन बघते तर भांडी कुठली? पाटावर वर्तमानपत्र पसरून एक दणकट म्हातारा बसलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि हातातल्या चिमट्यात मसुराच्या डाळीएवढं एक चाक.

तात्या मूळचे मुरगूडकडचे. मराठा पलटणीत होते, मोठ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटातून इटलीपर्यंत जाऊन आलेले. आता पेन्शन घेऊन घरी असायचे. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीला आला की मामासाठी एक खोकं घेऊन यायचा. खोक्यावर धुरळा उडवत निघालेल्या रणगाड्याचं झोकदार चित्र, आणि आत काय, तर प्लास्टिकचे सुटे तुकडे, शेंगा वेलीला लागाव्यात तसे काड्यांना लागलेले. ते एकेक तोडायचे, घासायचे, गोंदानं जुळवायचे, की वीतभर लांबीचा रणगाडा तयार. पण तात्यांना हवे असायचे ते फक्त जर्मनांचे. इंग्रजांचा किंवा अमेरिकेचा आणला तर भाच्याला म्हणायचे, "ह्यो दे कुणाला तरी. आपल्या बाजूचं मी आतनं बघितल्यात."

जर्मन लोकांनी रणगाड्यांना जनावरांची नावं दिलेली. एक वाघ, एक चित्ता. भिंतीतल्या कपाटात त्यांची रांग लागलेली. काकी त्यावरचा धुरळा झटकायच्या आणि मला म्हणायच्या, "वाघ झाला, चित्ता झाला, हत्तीबी हाय म्हणत्यात. म्हैस तेवढी काढली न्हाई त्या मेल्यांनी. काढली असती तर दुधाची तरी सोय झाली असती!"

माझी बोटं बारीक आणि भरतकामाची सवय, म्हणून तात्यांनी मला लवकरच कामाला लावलं. तेव्हा कोल्हापुरात असले रंग कुठले मिळायला? सगळं स्वयंपाकघरातून उचलायचं. धुराच्या नळकांड्याचं काळं म्हणजे माझं काजळ. गंजाचा रंग म्हणजे काकींच्या पानाच्या डब्यातला कात. चाकांवरचा चिखल म्हणजे परड्यातली माती, जरा डिंक घालून. खंडेनवमीला काकी तात्यांच्या जुन्या सुरीबरोबर सगळे रणगाडेही पाटावर मांडायच्या आणि प्रत्येकाला हळदीकुंकू लावून वर झेंडूचं फूल. मी हसले तर म्हणाल्या, "हसतीस काय? हत्यारच हाय न्हवं? आपलं असू दे न्हाई तर दुसऱ्याचं, पूजा चुकवू ने." ती हळद त्या प्लास्टिकवरून पुन्हा गेली नाही. तात्या बघून म्हणाले, "झ्याक झालं. वाळवंटात असल्याच रंगाचं फिरत हुतं."

एक गंमत सांगायची राहिली. गोंदाची नळी यायची खोक्यातूनच, एवढीशी. दुसरी इथं मिळत नसे. पहिल्या नळीचं टोपण तात्यांनी सवयीनं उघडंच ठेवलं आणि सगळा गोंद दगडासारखा वाळला. तेव्हापासून ती नळी काकींच्या ताब्यात. तात्या हात पुढे करून म्हणायचे, "गोंद." काकी भाकरी थापता थापता उठायच्या, थेंबभर काढून द्यायच्या आणि टोपण लावून कनवटीला. म्हणायच्या, "ह्या घरात एवढं एकच झाकण माझ्या हुकमात हाय."

तात्यांच्या हाताचं मात्र मला कोडं होतं. दोन्ही तळव्यांची कातडी गुळगुळीत, रेषाच नाहीत, आणि उजव्या हाताची बोटं पुरती मिटायची नाहीत. काकींना विचारलं तर म्हणाल्या, "लढाईत भाजलंय म्हणत्यात. जास्त बोलत न्हाईत, मीबी इचारत न्हाई." आणखी एक बघा, तात्या कुठंही गेले तरी आधी दार बघायचे. सिनेमाला नेलं तर कडेची खुर्ची. कुणाकडं जेवायला गेले तर उंबऱ्याजवळचा पाट. मला एकदा म्हणाले, "पोरी, आत शिरणं सोपं असतंय. भायेर यायची वाट आधी बघून ठेवावी." नवी नवरी मी, मला वाटलं सासरबद्दलच सांगतायत!

पाकिस्तानशी लढाई होऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण असेल. भाच्यानं एक मोठं खोकं आणलं. चित्ताच होता, पण आधीच्यापेक्षा वेगळ्या घडणीचा. आम्ही तो जुळवला, रंगवला, आणि शेवटी तात्यांनी वरच्या घुमटीचं, माणूस आत-बाहेर करतो ते झाकण हातात घेतलं. ते तात्या कधीच चिकटवत नसत. त्यांच्या सगळ्या रणगाड्यांची झाकणं उघडीच. या वेळी मात्र खोक्यातला चित्रांचा कागद बघत बसले. झाकण लावलं, काढलं, नखानं फिरवलं, पुन्हा काढलं. दुपारचं जेवण ताटात वाळलं. काकी म्हणाल्या, "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई." आणि उठून रंकाळा तलावाकडं चालत गेले ते दिवेलागणीला आले.

पंधरवड्यात गल्लीतल्या तालमीची पोरं आली. पुढं दिन्या पैलवान. मान खांद्यात बुडालेली, आवाज मात्र सनईसारखा बारीक. तालमीच्या गणपतीपुढं त्यांना लढाईचा देखावा करायचा होता. पंचगंगेची वाळू आणून रण करायचं, आपले रणगाडे पुठ्ठ्याचे, आणि शत्रूचा म्हणून तात्यांचा हा नवा चित्ता.

"शेवटच्या दिवशी पेटवायचा, तात्या!" दिन्या म्हणाला. "वरचं झाकण चिकटवून टाकतो, आत लवंगी भरतो, वात मागनं काढतो. काय उडंल माहिताय काय! मलकापुरापातूर माणसं येतील बघायला."

तात्यांनी चित्ता उचलून मांडीवर घेतला. "झाकण चिकटवायचं न्हाई. आन् पेटवायचा बी न्हाई."

"आता! शत्रूचाच हाय की वो!"

"व्हय. शत्रूचाच हाय."

"मग? दुसरा घ्या की करून. का जर्मनीत सोयरीक हाय तुमची?"

पोरं खो खो हसली. तात्यांनी चित्ता मांडीवरून हलवला नाही. दिन्या चिडून जाता जाता दारातून म्हणाला, "बसा मग जर्मनाला कवटाळून!"

हे साधं वाटेल वाचणाऱ्याला. पण त्या तालमीच्या गणपतीचा पहिला नारळ दरवर्षी तात्या फोडत. पलटणीतून परत आल्यापासून तो मान त्यांचा. गणपतीच्या आदल्या दिवशी पोरं हलगी वाजवत बोलवायला यायची, तात्या कोशा फेटा बांधून तयार असायचे. मुलंबाळं नव्हती त्यांना. तो नारळ म्हणजेच त्यांचा सणवार. त्या वर्षी हलगी वाजली, आमच्या दारावरून पुढं गेली. तात्यांचा फेटा खुंटीवर तसाच.

काकींचा संताप अनावर झाला. तांदूळ निवडत होत्या, सूप आपटलं. "एका पलास्टिकच्या टँकापायी गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुमी! देऊन टाका की! काय असं सोनं लागलंय त्याला?"

तात्यांनी कपाटातून चित्ता काढून पुढ्यात ठेवला. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस पोरी. तूबी ऐक."

"इटलीत हुतो. थंडी अशी की बोटं बंदुकीला चिकटायची. त्यांचा एक टँक आमच्या म्होरं गोळा लागून बंद पडला आन् मागनं पेटला. आमी खंदकातनं बघालतो. शिव्या देऊन झाल्या, नाचून झालं. मग आतनं ठोकायला लागलं."

"कोण?" काकींनी विचारलं.

"आत असंल त्यो. दार ठोकावं तसं. पावणा आल्यागत. मी वर चढलो. का चढलो ते मला इचारू नका. झाकण हुतं, त्याला कडी हुती. दोन्ही हातानी वर उपसालतो. तव्यागत तापलेलं. हललं न्हाई. हवालदारानं पाय धरून मला खाली वडलं. जरा वेळानं ठोकायचं थांबलं."

तात्यांनी चित्त्याच्या घुमटीवरचं झाकण नखानं जरासं उचललं आणि बाजूला फिरवलं.

"इतकी वर्सं वाटालतं, आतनंच अडकलं असंल, आपल्या हातात काय नव्हतं. म्हणून ही सगळी जुळवत बसलो, कुणाचं कसं उघडतंय बघाया. आन् आता ह्यो आला, त्यो पेटलेला हुता तसलाच. ह्याचं झाकण वर उघडतच न्हाई. जरा उचलायचं आन् बाजूला फिरवायचं. एवढंच हुतं. मी आपला वर उपसालतो."

काकी उठल्या, तात्यांच्या समोर बसल्या, त्यांचे ते गुळगुळीत तळवे आपल्या हातात घेतले आणि जवळजवळ भांडल्यासारख्या म्हणाल्या, "तुमाला कोण सांगणार हुतं? त्या पेटल्या टँकावर काय पाटी लावली हुती, असं उघडा म्हणून? हात जाळून घेतलासा की त्याच्यासाठी! आनी काय करायचं हुतं माणसानं?"

मग पदर खोचून काकी निघाल्या. मी मागं. बाई तालमीच्या आत पाय टाकत नाही, त्यामुळं काकी दारातच उभ्या राहिल्या आणि तिथून सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात, "दिन्या! भायेर ये मुडद्या!" दिन्या अंगाला तांबडी माती लागलेला तसाच आला. काकींनी त्याला सगळं सांगितलं, सुरुवातीला ओरडून, शेवटी शेवटी अगदी हळू. मागं उभी असलेली पोरं एकेक करून खाली बघायला लागली. दिन्या मातीनं भरलेले हात मांडीला पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सोप्यात हजर. मुठीत काहीतरी जपून धरलेलं. उघडून दाखवलं तर शाडूचा चिमूटभर माणूस, कमरेपर्यंतचाच, दोन्ही हात वर केलेले.

"कुंभारवाड्यातनं शाडू आणला, पण केलाय मीच," दिन्या म्हणाला. "पेटवत न्हाई तात्या. नुसता ऊद लावतो मागनं, धुरापुरता. आन् ह्यो असा भायेर येताना दाखवायचा. बघा की जमलाय का. मान जरा जाड झालीया."

तात्यांनी चष्मा नाकावर ओढून निरखून बघितलं. "तुझ्यावर गेलाय."

त्या दिवशी नारळ तात्यांनीच फोडला. देखाव्याला गर्दी झाली ती झालीच. काही जण कुरकुरले, शत्रूला मारत का नाहीत म्हणून. दिन्या त्यांना बारीक आवाजात दटावायचा, "पावणं, हात वर केल्यावर मारत न्हाईत, म्होरं सरका." तात्या रोज आरतीनंतर तिथं उभे राहायचे. झाकण बाजूला फिरवलेलं, आणि त्यातून तो जाड मानेचा जर्मन बाहेर निघालेला. एकदा मी शेजारीच होते. तात्या हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "आलास बाबा भायेर."

त्यानंतर त्यांनी नवं खोकं मागवलं नाही. भाच्यानं आणलं तर म्हणाले, "बास आता. डोळं चालंनात." डोळे चांगले होते हो त्यांचे. सुईत दोरा ओवून द्यायचे मला!

पुढं ह्यांची बदली मलकापूरला झाली. निघताना तात्यांनी आमच्या नव्या घराची चौकशी केली, ती भाड्याची नाही, पाण्याची नाही. "मागनं दार हाय न्हवं?" एवढीच. आहे म्हटल्यावर खूश. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतीण, जाता आलं नाही.

जमलं तशी गेले कोल्हापूरला. काकी थकल्या होत्या, आवाज तेवढा जुनाच. कपाटात रणगाडे ओळीनं, झेंडूची वाळलेली फुलं अजून त्यांच्यावर. कोपऱ्यात गोंदाची नळी, टोपण घट्ट लावलेली. काकी म्हणाल्या, "बस, चहा टाकते." मी म्हटलं, मीच टाकते. फळीवरून साखरेचा डबा काढला तर झाकण तिरकं, जत्रेतल्या पोराच्या टोपीसारखं. आत मुंग्या. माझा हात आपोआप झाकण दाबायला गेला.

"र्‍हाऊ दे गं," काकी मागून म्हणाल्या. "लावायला हात जात न्हाई बघ आता."

त्यांनी डबा माझ्याकडून घेतला, चमचाभर साखर तळहातावर पसरली आणि एकेक मुंगी बोटानं अलगद बाजूला सारली. झटकली नाही, मारली नाही. चहा झाल्यावर मला कपात डोकावताना बघून म्हणाल्या, "आली एखादी तर काढून भायेर सोड. तिलाबी वाट पायजेच की."